अर्डिसच्या रिव्हॉल्व्हरला पाडलेली भोकं

अर्डिस कोल्बर्गच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक आडवी खूण आहे. नवीन माणसाला वाटतं ती अस्वलाने केली. अस्वलाने केलेलं काम निराळं. ते डाव्या हातावर आहे आणि बाई ते बाहीखाली झाकून ठेवते. कपाळावरची खूण तिची तिनेच करून घेतली, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, अंगणात ठेवलेल्या कॉफीच्या रिकाम्या डब्यावर नेम धरताना.

त्याला कारण तिचं मनगट.

कासिलोफ नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूवर कोल्बर्गांची मासेमारीची जागा. किनाऱ्यापासून आत सरळ जाळं लावायचं, भरतीबरोबर सामन मासे येऊन त्यात मान अडकवून घेतात, ते बोटीत काढायचे. नवरा गॉर्डी गेला तेव्हा सगळे धरूनच चालले होते की बाई आता जागा विकणार. बाईने विकली नाही. दर उन्हाळ्यात फळ्यांच्या त्या खोपटात येऊन राहायची, स्वतः जाळं टाकायची, स्वतः ओढायची. एकदा लाटा मोठ्या होत्या, बोट नांगराच्या दोरावर चढली, आणि दोर आणि बोटीची कड यांच्यामध्ये तिचं उजवं मनगट सापडलं. हाड मोडल्याचा आवाज तिने नीट ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. पंजा भलत्याच दिशेला लोंबायला लागला. तो तिने जॅकेटच्या आत खोचला आणि राहिलेल्या हाताने सुरी घेऊन दोर कापला, नाहीतर बोट उलटलीच असती. किनाऱ्याला लागल्यावर मात्र वाळूत पालथी पडली आणि इतकी ओकली, की शेजारच्या जाळ्यावरच्यांना वाटलं बाई सकाळीच प्यायली.

डॉक्टरने पोलादाची पट्टी आणि स्क्रू घालून ते मनगट पुन्हा जुळवलं.

"याला आता धक्का चालणार नाही," तो म्हणाला.

"कसला धक्का?"

"कसलाही."

"हात मिळवलेला चालेल?"

"हलके."

"मग तुमच्याशी आत्ताच मिळवून घेते. बाकीच्यांचं मी बघीन."

आणि बाकीच्यांमध्ये पहिलं होतं ते गॉर्डीचं रिव्हॉल्व्हर. चारशे चोपन्न म्हणतात त्याला. पाच काडतुसांची चक्री, अंगठ्याएवढं एकेक काडतूस, आणि नळी अशी की आत करंगळी जावी. त्या किनाऱ्यावर ते छातीवर पट्ट्याने बांधूनच माणसं मासे साफ करतात, कारण तपकिरी अस्वलांनाही सामन आवडतो आणि जाळं विणायचा त्यांना कंटाळा. आदल्या शरद ऋतूत पलीकडच्या वाळूवरच्या ऑरिनला अस्वलाने खोपटाच्या दारातून ओढून नेलं. शोधायला गेलेल्यांना झुडपात एक रबरी बूट मिळाला. बूट रिकामा नव्हता. त्यानंतर कुणी नुसत्या हाताने संडासालासुद्धा जात नसे.

तर वसंतात बर्फ गेल्यावर अर्डिसने ते रिव्हॉल्व्हर काढलं, पट्टी घातलेल्या मनगटाने धरलं आणि डब्यावर झाडलं. डब्याला काही झालं नाही. नळी अशी उसळली की तिच्या टोकावरची निशाणी, माशी म्हणतात ती, सरळ कपाळावर येऊन बसली. चामडी फाटून हाड दिसलं. बाई रक्ताने आंधळी होऊन अंगणात बसली, आणि नेमकी त्याच वेळी तिची लेक कार्ला अँकरेज शहरातून गाडी घेऊन फाटकात शिरली.

कार्ला तिथे दाताच्या दवाखान्यात काम करते, रक्त तिला नवीन नाही. पण आईचं रक्त निराळं. टॉवेल कपाळावर दाबून धरता धरता ती ओरडत होती, "बास झालं, आई! आत्ता सामान बांध. माझ्याकडे खोली रिकामी आहे."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये जाळं लावता येतं का?"

"चेष्टा नको. तुला हे हत्यार झेपत नाही. हत्यार झेपत नाही तर वाळूवर राहायचं नाही. ऑरिनचं काय झालं ते विसरलीस?"

ऑरिनचं नाव निघाल्यावर बाईने टॉवेल स्वतःच्या हातात घेतला. मग दोघींमध्ये ठरलं ते असं, की हंगाम सुरू व्हायच्या आत अर्डिसने कार्लासमोर पाचही गोळ्या एका दमात झाडायच्या आणि पाचही समोर ठेवलेल्या बादलीत घालायच्या. जमलं तर वाळूवर राहायचं. नाही जमलं तर अँकरेज, लिफ्ट आणि तिसरा मजला. बाईला दुसरं काही नको होतं. मरायचं तर त्या वाळूवर, आणि तेही लवकर नाही, एवढंच तिचं मागणं.

टाके घातलेल्या कपाळाने ती मर्लकडे गेली. मर्ल सटन म्हणजे गॉर्डीचा जुना दोस्त. रस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे, तिथे तो बंदुका दुरुस्त करतो. ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलतो मोठ्याने आणि ऐकतो सोयीप्रमाणे.

"माशी बसली म्हणे कपाळावर!" तो ओरडला.

"मेल्या, हळू बोल. टाके दुखतात."

त्याने रिव्हॉल्व्हर उघडलं, चक्री फिरवली, नळीतून उजेडाकडे पाहिलं. "हे उसळतं का, माहीत आहे? गोळी पुढे जाते म्हणून हत्यार मागे येतं, ते एक. पण खरी दांडगाई गोळीची नाही, गोळीच्या मागच्या वायूची. दारू पेटली की आत वायू कोंडतो, आणि गोळी तोंडातून बाहेर पडली रे पडली की तो तिच्या मागे सुसाट सुटतो. आता तू मूठ धरतेस खाली आणि नळी आहे वर. म्हणजे धक्का बसतो तुझ्या मुठीच्या वर. म्हणून ते नुसतं मागे येत नाही, तोंड वर करून येतं. तुझं मनगट मोडतं ते त्या वर येण्याने."

"मग त्याला खाली बसव."

"तेच सांगतोय. तू मासे डबाबंद करतेस तो मोठा कुकर आहे ना? त्याची शिटी वर उडते तेव्हा वाफ वर जाते आणि कुकर खाली दाबला जातो, पण तो जड म्हणून तुला कळत नाही. इथे तेच करायचं. नळीच्या टोकाशी, माशीच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला भोकं पाडायची. गोळी त्या भोकांखालून पुढे सरकली की मागचा वायू भोकांतून वर फुटतो. वायू वर, नळी खाली. गोळी अजून तोंडातून बाहेरही पडलेली नसते, आणि इकडे नळीला खाली दाबणारा हात मिळालेला असतो. याला म्हणतात पोर्टिंग."

"आणि ते दुसरं? तुझ्या भिंतीवर टांगलंय ते, डबी लावल्यासारखं?"

"तो कॉम्पेन्सेटर. तो नळीच्या पुढे जोडतात. आत पोकळ खोली, आणि पुढच्या भिंतीला गोळीपुरतं भोक. गोळी जाते, वायू भिंतीवर आदळतो आणि वरच्या फटीतून बाहेर पडतो. भिंतीवर आदळतो म्हणून हत्याराला पुढे खेचतो. म्हणजे मागचा धक्काही कमी. पोर्टिंगने मागचा धक्का फारसा जात नाही, उसळणं जातं."

"मग मला तोच दे."

"देतो की. मग नळी एवढी लांब होईल." त्याने बोटं ताणली. "छातीवरच्या म्यानात मावणार नाही. काढताना पट्ट्यात अडकेल. अस्वल थांबेल तोवर?"

"विचारून बघीन." पण तिने भोकंच सांगितली.

मर्लने यंत्रावर नळी आवळली, बारीक कटर लावला आणि दोन्ही बाजूंना लांबट खाचा पाडल्या. मग काम संपलं असं तिला वाटलं, पण तो आत बारीक दगड फिरवत बसला. खाचेच्या आतल्या कडेला धार राहिली तर प्रत्येक गोळीचं शिसं ती खरवडणार आणि वरून नेम धरणाऱ्याच्या तोंडावर उडवणार, म्हणून. हलकी काडतुसं वापरू नकोस म्हणाला, त्यांच्यात वायूच थोडा, भोकं नुसती शोभेला राहतील. मेहनताना म्हणून त्याने धुरी दिलेल्या माशांचा पेटारा मागितला आणि तो मिळायच्या आतच तिच्या पिशवीतला एक तुकडा तोंडात टाकला.

मग मागच्या अंगणात नेऊन त्याने एक गंमत दाखवली. रिव्हॉल्व्हर लाकडी चौकटीत आवळलं, नळीच्या वर वीतभर अंतरावर वर्तमानपत्राचं पान ताणून बांधलं, आणि दोरी ओढून चाप दाबला. भोकांतून दोन जिभांसारखा जाळ वर आला. पानाची चाळण झाली, कडा पेटल्या, आणि मधला मजकूर होता तिथून आकाश दिसायला लागलं.

"हे तुझं तोंड," मर्ल म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. "हात लांब ठेवलास तर जाळ हवेत जातो. हत्यार अंगाशी धरलंस तर जाळ हनुवटीखालून डोळ्यांत. दारूचे न जळलेले कण असतात त्यात, शिशाचा चुरा असतो. कानाला बोळे घातल्याशिवाय झाडायचं नाही, आवाज आता पुढे जात नाही, तुझ्याकडे येतो. कळलं? गॉर्डीने शिकवलेलं विसर."

गॉर्डीने शिकवलेलं म्हणजे त्या किनाऱ्यावर सगळे म्हातारे शिकवतात तेच. अस्वल अंगावर आलं की हात लांब करायचा नाही, ते हातच तोडतं. कोपर मागे घ्यायचं, मूठ बरगडीला लावायची, अंगावर वाकायचं, दुसरा हात त्याच्या तोंडात गेला तर जाऊ द्यायचा, आणि बरगडीशी धरूनच झाडत राहायचं. लग्न झाल्यापासून दर वसंतात गॉर्डी तिच्याकडून ते घोटून घ्यायचा. रिकाम्या हत्याराने, स्वयंपाकघरात, तो अस्वल आणि ती अर्डिस. कधी कधी ते अस्वल भलतीकडेच घसरायचं, ते जाऊ दे.

"विसरले," अर्डिस म्हणाली.

जूनमध्ये कार्ला आली. अर्डिसने कानाला बोळे घातले, डोळ्यांना चष्मा लावला, हात लांब केला आणि पाचही गोळ्या बादलीत घातल्या. नळी दर वेळी जागच्या जागी उचलल्यासारखी होई आणि खाली येई. मनगट दुखलं, पण मोडलं नाही. कार्ला मात्र बाजूला उभी होती, भोकांच्या रेषेत. ती दोन्ही कान धरून वाकली.

"आई! हे काय आहे? माझ्या दातांतून गेला आवाज!"

"दातांचं तुझ्या दवाखान्यात बघून घे. बादली बघ."

कार्लाने बादली पाहिली. ठरलं होतं ते ठरलं होतं. आईला वाळूवर सोडून ती परत गेली, आणि जुलैत, मासे जोरात यायला लागल्यावर, सुट्टी काढून मदतीला आली.

त्या दिवशी भरती उतरली होती, वाऱ्याने डास उडवून लावले होते. खोपटासमोरच्या टेबलावर अर्डिस मासे चिरत होती. कार्ला दहा हातांवर, धुरीच्या खोलीच्या दाराशी वाकून ऑल्डर झाडाची लाकडं आत सरकवत होती. अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा तिने अँकरेजहून मुद्दाम आणला होता. तो गाडीत होता. अर्डिसच्या छातीवर म्यान होतं, कानात काही नव्हतं आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. बोळे घालून मासे कोण चिरतं?

अस्वल धुरीच्या खोलीमागून आलं. ते माशांसाठी आलं होतं आणि मध्ये कार्ला आली. तिला ते दिसलंच नाही. पंजा मागून डोक्यावर बसला आणि केसांखालची चामडी मानेपासून वर उलटी झाली, टोपी काढावी तशी. कार्ला पडली. अस्वलाने तिला खांद्याला धरून झटकलं, आणि मग टेबलाजवळ हलणारी दुसरी बाई त्याला दिसली. कार्लाला टाकून ते सरळ अर्डिसवर धावलं.

आता ऐका काय झालं ते. डोक्याने सगळं शिकलं होतं. हात लांब, तोंड दूर. पण अस्वल धावून आलं तेव्हा डोक्याला कुणी विचारलंच नाही. हाताने गॉर्डीचं ऐकलं. म्यानातून रिव्हॉल्व्हर निघालं, कोपर मागे गेलं, मूठ बरगडीला लागली, बाई पुढे वाकली, चाप दाबला.

गोळी अस्वलाच्या खांद्यातून गेली. जाळ अर्डिसच्या तोंडावर आला.

उजवा डोळा जागीच गेला. डाव्यात नुसता पांढरा उजेड राहिला, मग तोही लाल झाला. भुवया जळल्याचा वास आला. आणि त्याबरोबर दोन्ही कानांत एक बारीक शीळ सुरू झाली. त्या शिळेच्या बाहेर जग उरलं नाही. समुद्र नाही, अस्वलाचं फुरफुरणं नाही, लेकीचं ओरडणं नाही. हातात चार गोळ्या होत्या आणि कुठे घालायच्या ते माहीत नव्हतं.

अस्वलाने तिला धडक दिली असावी, कारण ती टेबलावरून मागे पडली आणि मासे तिच्यावर पडले. ती वाट बघत राहिली, आता दात लागतील, आता लागतील. लागले नाहीत. खांदा फुटलेलं अस्वल वळलं होतं आणि जे पडून होतं, हलत होतं, किंचाळत होतं, त्याच्याकडे परत गेलं होतं. हे अर्डिसला दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पण वाळू हादरत होती. गुडघ्यांवर बसल्यावर ती हादर तिला कळली. ती रांगत त्या बाजूला गेली. उजव्या हातात रिव्हॉल्व्हर, डावा हात पुढे.

हाताला पहिल्यांदा केस लागले. ओले, गरम, दाट केस. रक्ताने सगळे केस सारखेच लागतात. तिने नळी त्या केसांत टेकवली आणि बोट चापावर आवळायला लागलं. तेवढ्यात डाव्या हाताच्या बोटाला काहीतरी थंड, वाटोळं, टाचणीएवढ्या कडीत लोंबणारं लागलं. कानातला डूल.

नळी तिने अशी मागे घेतली, की जणू विस्तवातून हात काढला.

मग ती लेकीच्या अंगावरून पुढे सरकली आणि डावा हात लांब केला. शोधत नाही, देत. अस्वलाने तो घेतला. कोपराच्या खाली दात बसले आणि दोन्ही हाडं एकदम गेली. दुखलं का, असं नंतर डॉक्टरने विचारलं. ती म्हणाली, दुखलं, पण बरं वाटलं. कारण आता तोंड कुठे आहे ते कळलं होतं. चावलेला हात तिने आत रेटला, त्या हाताच्या रेषेने दुसरा हात पूर्ण लांब केला, नळी जबड्याच्या मागे मऊ जागी रुतवली आणि चाप ओढला. पुन्हा ओढला. पुन्हा, आणि पुन्हा. नळी उसळली नाही. मर्लच्या भोकांनी आपलं काम चोख केलं. जाळ या वेळी अस्वलाच्या केसांत गेला आणि ते केस पेटले. रिकाम्या चक्रीवर घोडा दोनतीनदा खटखटला, तेही तिला ऐकू आलं नाही. मग वरून एक मोठं वजन आलं आणि दोघींवर आडवं झालं.

शेजारच्या जाळ्यावरची हाल्वर्सन बहीणभावंडं गाडी घेऊन धावत आली तेव्हा त्यांना अस्वल दिसलं, आणि अस्वलाखालून रबरी बुटांचे दोन जोड. बहीण गाडीतला दोर आणायला पळाली. भावाने तो गाडीला बांधून अस्वल बाजूला ओढलं. खाली अर्डिस डोळे मिटून, तोंड काळंठिक्कर, लेकीच्या डोक्याची सुटलेली चामडी दोन्ही हातांनी जागेवर दाबून धरून पडली होती. डावा हात मध्येच भलतीकडे वळलेला, पण त्याचाही पंजा दाबून होता.

"जिवंत आहात?" भावाने विचारलं.

अर्डिसला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "मासे झाका कुणीतरी. अजून एखादं येईल."

असं अस्वल मारलं तर त्याचं कातडं आणि कवटी सरकारला द्यावी लागते, मारणारा दवाखान्यात असला तरी. ते काम मर्लने केलं. सोलताना जबडा उघडला तेव्हा त्याच्या दातांत तिच्या स्वेटरचा लोकरीचा पुंजका होता. तो त्याने वेगळा ठेवला नाही, तसाच देऊन टाकला. भेटायला आला तेव्हा पलंगाशी टोपी चुरगाळत उभा राहिला.

"मी सांगितलं होतं ना," तो म्हणाला, पण हळू म्हणाला.

या वेळी अर्डिसला ते ऐकू आलं, कारण कान तोवर थोडे परतले होते. "तू सांगितलंस ते मी ऐकलं. हाताने ऐकलं नाही. हाताला गॉर्डीने आधी सांगितलं होतं."

"भोकंच पाडायला नको होती."

"मेल्या, भोकं नसती तर पुढचे चार बार झाडताच आले नसते. एका हाताने, मोडक्या मनगटाने! आणि भोकं होती म्हणून डोळा गेला. आता तू याचा हिशोब कर, मला जमत नाही. मासा खाल्लास का पेटाऱ्यातला?"

"खाल्ला."

"मग रडू नकोस."

उजवा डोळा काढावा लागला. डावा वाचला. कार्लाच्या डोक्याला मानेपासून कपाळापर्यंत टाके आले आणि खांद्याला वर्षभर पुरेल एवढं दुखणं. चालता यायला लागल्यावर ती सलाइनची काठी ढकलत आईच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. दोघींची डोकी बांधलेली. बाहेरून बघणाऱ्याला हसू आलं असतं.

"आई, मी हरले," कार्ला म्हणाली. "आता तुला काही म्हणणार नाही. राहा तू वाळूवर. जे तू केलंस ते वीस वर्षांचा गडी करू शकला नसता. मी पुन्हा अँकरेजचं नाव काढणार नाही."

अर्डिसने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. इतके महिने तिला हेच तर ऐकायचं होतं.

"जागा मी हाल्वर्सनांच्या मुलांना देतेय," ती म्हणाली.

"काय? का?"

"पाच गोळ्यांपैकी पहिली अस्वलाला लागली. दुसरी कुणाला लागणार होती, माहीत आहे?"

"अस्वलालाच ना?"

"माझ्या हाताला आधी तुझे केस लागले. मला वाटलं अस्वलाचे. नळी तुझ्या डोक्याला लावली होती मी. चाप अर्धा ओढून झाला होता."

कार्लाने आपल्या पट्टी बांधलेल्या डोक्याला हात लावला. मग म्हणाली, "पण ओढला नाहीस."

"तुझा डूल लागला बोटाला. बस्स. एवढंच कारण. माझी अक्कल नाही, नेम नाही, आईचं काळीज वगैरे नाही. डूल. तू त्या दिवशी माशांच्या कामाला डूल घालून का आली होतीस?"

"काढायला विसरले."

"बघ. आता सांग, या हाताच्या भरवशावर मी तिथे राहू? कुणी ना कुणी येणारच मदतीला. तू येशील, हाल्वर्सनांची पोरं येतील. सगळे काही डूल घालत नाहीत."

कार्ला रडायला लागली. रडताना टाके ताणले म्हणून ओय ओय करायला लागली, आणि त्या दोन्हींमध्ये हसली.

"तिसऱ्या मजल्यावर राहशील?"

"लिफ्ट आहे ना?"

"आहे."

"मग काय. राहीन."

वाळू सोडताना तिने मागे वळून पाहिलं की नाही ते ठाऊक नाही. ती बाजू तिच्या गेलेल्या डोळ्याची होती. रिव्हॉल्व्हर मर्लकडे राहिलं. हाल्वर्सन भावाने मागितलं तेव्हा तिने मर्लला निरोप धाडला, त्याचे दोन्ही हात धड आहेत, त्याला भोकांशिवायची नळी बसवून दे, आणि अंगाशी धरायचं की लांब, ते एकदाच काय ते शिकव.

अँकरेजला हिवाळा लागायच्या आत हाल्वर्सनांनी पहिला मासा पाठवला. अर्डिसने तो मिठात घातला आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पत्र्याचा डबा ठेवून ऑल्डरची धुरी लावली. अर्ध्या तासात आगीचा बंब आला. शिरस्त्राण घातलेला एक उंच गडी जिना चढून धापा टाकत दारात उभा राहिला आणि त्याने धुरातून एका डोळ्याची, एका वाकड्या हाताची म्हातारी पाहिली.

"आजी, आग कुठे आहे?"

"आग कसली, अजून धड धूरसुद्धा झालेला नाही," ती म्हणाली. "दार लाव, वारा लागतो. आणि आला आहेस तर तो जड डबा जरा उजवीकडे सरकव, माझ्या मनगटाला झेपत नाही."

त्याने सरकवला.